आकाशाला एटीकेटी

सहा एप्रिल, रविवार. आजचं काम कूलर बसवण्याचं. खरं तर नागपुरात हे काम मार्चमध्येच उरकायला हवं, पण लग्नसराईची कामं अंगावर होती आणि मी रोज उद्यावर ढकलत होते. आई काही बोलत नव्हती. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवताना फक्त एक शब्द म्हणायची, "कूलर." शेवटी आज टाकी घासली, पाण्याची मोटर चालते का पाहिली, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या लावल्या. आमची खिडकी रुंद आणि कूलर अरुंद, त्यामुळे बाजूला हातभर फट राहते आणि तिथून सगळी झळ घरात येते. ती बुजवायला प्लायवूडचा एक तुकडा आहे. तो दरवर्षी हरवतो आणि दरवर्षी मी त्याला शोधायला माळ्यावर चढते.

प्लायवूड काही सापडलं नाही. जुन्या सुटकेसच्या मागे आईच्या लुगड्यात गुंडाळलेली एक सपाट फळी सापडली. उभी धरून टेपने मोजली, तर फटीच्या मापाची निघाली. नशीब म्हटलं आणि लुगडं सोडलं. आत माझंच चित्र होतं, बारावीनंतरच्या उन्हाळ्यातलं. खालची जमीन, दलदल, लाकडी पूल, सगळं काल काढल्यासारखं ताजं होतं. वरचं आकाश मात्र पिठल्यासारखं पिवळं झालं होतं. नुसती छटा म्हणावी असं नाही, चांगलं ताटात वाढण्यासारखं पिवळं. खालून आईने विचारलं, "सापडली का फळी?" मी म्हटलं, "आकाश सापडलं." आई म्हणाली, "मंग ठेव तिथंच, अन् फळी पाह्य." बायका वयाने हळव्या होतात म्हणतात. आमच्या घरी तसं काही दिसत नाही.

तेव्हा आम्ही याच घरात राहत होतो, फक्त वरचा मजला झाला नव्हता. समोरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. बाबा स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. पहाटे पाचला त्यांच्या सायकलचा स्टँड खटकन निघायचा आणि तोच आमच्या घराचा गजर. त्यानंतर आईचा स्टोव्ह, मग शेजारच्या घरचा रेडिओ, मग भाकऱ्या थापल्याचा आवाज, आणि नऊच्या सुमारास भाजीवाला, ज्याच्याशी आई रोज भांडायची आणि ज्याच्या मुलीच्या लग्नात तिने स्वतः जाऊन पोळ्या लाटल्या. बाबा अबोल होते, पण त्यांचे विचार पक्के होते. आयुष्यभर पार्सलं चढवल्यामुळे त्यांचा असा समज झाला होता की प्रत्येक वस्तूवर ती कुठे जाणार हे आधीच लिहिलेलं असतं. माझ्यावर डी.एड. लिहिलेलं होतं. दोन वर्षांचा कोर्स, मग शाळेत नोकरी, मग पेन्शन. मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, आणि हे मी बाबांना परीक्षा संपल्याच्या दिवशीच जेवताना सांगून टाकलं.

बाबांनी घास संपवला. मग म्हणाले, "मले चित्रातलं काही समजत नाही. तुले येते का नाही, हे मी कसा सांगू? ज्याले समजते त्याले विचारू." आणि समजणारं माणूस आमच्या ओळखीत एकच होतं, खोब्रागडे मॅडम.

मॅडम माझ्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जरीपटक्यात एका सिंधी पापडवाल्याच्या दुकानावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. जिना चढताना खाली पापडाच्या मसाल्याचा वास आणि वर टर्पेंटाइनचा. मधल्या पायरीवर दोन्ही एकत्र व्हायचे, आणि अजूनही टर्पेंटाइनची बाटली उघडली की मला जिऱ्या-मिऱ्याची आठवण होते. त्यांचे केस बारीक कापलेले, साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि आवाज वर्गभर पुरेल असा, समोर एकच विद्यार्थिनी असली तरी. बाबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. चपला दाराबाहेर काढून उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, हिले एक काम द्या. जमलं तर तुम्ही सांगाल तिथं पाठवतो. नाही जमलं तर डी.एड. तुमचा शब्द तो माझा शब्द." मॅडम म्हणाल्या, "बसा तर गजभिये साहेब." बाबा बसले नाहीत. त्यांची गाडी यायची वेळ झाली होती.

काम मिळालं ते नक्कल करण्याचं. मॅडमच्या भिंतीवर एका जुन्या परदेशी कॅलेंडरचं पान टाचलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कोण्या इंग्रज चित्रकाराचं निसर्गचित्र. डावीकडे काळं वादळ निघून चाललेलं, उजवीकडे शेताच्या एका पट्टीवर ऊन पडलेलं, मध्ये दलदल, पडका मनोरा, आणि लाकडी पुलावरून टोपली घेऊन जाणारी एक बाई, आपल्याकडे पाठ केलेली, माझ्या नखाएवढी. मॅडम म्हणाल्या, हे रोमँटिक काळातलं आहे. मी दोन दिवस त्यात जोडपं शोधत होते. शेवटी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या लोकांचं प्रेम वादळावर होतं गं. माणूस त्यात चिमूटभर." मी म्हटलं, मग आपण नागपुरात बसून यांचं वादळ काहून काढायचं? आपल्याकडे काय कमी आहे? "त्याचा हात शिकायचा आहे, त्याचं गाव नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि ही नक्कल माझ्याकडून पास होईपर्यंत स्वतःचं एकही झाड काढायचं नाही. काढलेलं दिसलं तर जिन्यावरून खाली."

शिकवायची त्यांची पद्धत वेगळी होती. काडेपेटीचं वरचं खोकं घ्यायचं, ते छापील चित्रावर ठेवायचं, आणि त्या चौकोनात दिसेल तेवढाच रंग बनवायचा. झाड दिसतंय, गवत दिसतंय, असं म्हणायचं नाही. चौकोनात काय आहे ते सांगायचं. आणि खरंच, ज्याला मी गवत समजत होते ते चौकोनातून पाहिलं की शेणासारखं तपकिरी निघायचं, आणि पाणी तर कुठेच निळं नव्हतं. मी पहिल्या आठवड्यात हिरव्या रंगाची ट्यूब अर्धी संपवली आणि दुसऱ्या आठवड्यात ती मॅडमनी काढून घेतली. रंग मिसळायला जुन्या कपाटाच्या दाराची काच. चित्र कॅनव्हासवर नव्हतं, हार्डबोर्डवर होतं. बोर्डाला सरस आणि खडूची पूड कालवून तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळला की घासायचा. तेलरंगाचा एक नियम त्यांनी मला पाठ करायला लावला होता: खालचे थर पातळ, टर्पेंटाइनचे, तेल घालायचं ते वरच्या थरांत, आणि तेही मोजकं. अजून एक गोष्ट त्यांची उलटी होती. बाकीचे लोक आकाशापासून सुरुवात करतात. मॅडम म्हणायच्या, "आधी जमिनीवर चालायला शीक. आकाश शेवटी."

त्यामुळे एप्रिलभर मी जमिनीवर होते. सकाळी सातला सायकल काढायची, अकराला परत. दुपारी आई अंगण ओलं करून खिडक्या बंद करायची, कूलर घरघरत राहायचा, आणि आम्ही दोघी मधल्या खोलीत फरशीवर आडव्या पडून कैरीचं पन्हं प्यायचो. तिला चित्राची काळजी नव्हती, चित्रातल्या बाईची होती. एकदा बोर्ड घरी आणला होता तेव्हा तिने चष्मा लावून पाहिलं. "हे बाई एकटी कुठं चालली वं? एवढं वादळ येऊन राहिलं अन् हे पुलावर." मी म्हटलं, वादळ येत नाही, चाललंय. आई म्हणाली, "तिले कोणी सांगितलं तसं?" मी आजही निसर्गचित्रात माणूस काढते तेव्हा आधी ठरवते की तो कुठे चाललाय. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

मे लागला आणि मॅडम त्यांच्या बहिणीकडे चंद्रपूरला गेल्या. दरवर्षी जायच्या, तीन आठवडे. नागपूरच्या उन्हाला कंटाळून चंद्रपूरला जाणाऱ्या त्या एकट्याच असतील. जाताना त्यांनी कॅलेंडरचं पान गुंडाळून माझ्या हातात दिलं. "आकाश तू घरी कर. मी बुद्ध पौर्णिमेला परत येते." मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग पौर्णिमेलेच त्यांले जेवाले बोलवू. जेवणही होईल, निकालही होईल." कॉलेजच्या प्रवेशअर्जाची मुदत त्यानंतर लगेच संपत होती आणि डी.एड.ची पण. थोडक्यात, सगळं त्या आकाशावर आलं.

आकाश म्हणजे चित्राचा अर्ध्याहून मोठा भाग. मी मधल्या खोलीत खिडकीजवळ बोर्ड टेकवला, काडेपेटीचं खोकं घेतलं आणि कामाला लागले. ढग काढताना पहिल्यांदा मजा येते, मग राग येतो, आणि नंतर हात आपोआप चालायला लागतो. त्या इंग्रजाने ढग काढले नव्हते, ब्रश गोल गोल फिरवून हवा काढली होती, हे मला चौथ्या की पाचव्या दिवशी समजलं. समजलं आणि त्याच दिवशी तेल संपलं. सीताबर्डीच्या दुकानातून आणलेली जवसाच्या तेलाची बाटली, अंगठ्याएवढी, महाग. मॅडमनीच मला सांगितलं होतं की दुकानदार ज्याला लिनसीड म्हणतो ते आपलं जवसाचंच तेल. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला. बर्डीपर्यंत सायकल मारायची आणि दुकान बंद निघालं तर परत यायचं, याचा विचार करत मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि समोर फळीवर जवसाच्या तेलाची बरणी.

हे तेल माझ्या मावशीकडून यायचं. रामटेकच्या पुढे तिचं गाव. तिथे धान कापायच्या आधीच बांधीत, म्हणजे धानाच्या उभ्या शेतातच, जवस फेकतात, धान निघालं की मागे जवस उभा राहतो. निळी फुलं येतात, फार सुंदर दिसतात, पण मावशीला ती कधी दिसली असतील असं वाटत नाही. तिला तेल दिसायचं. मी आईला विचारलं, "वाटीभर घेऊ का? चित्राला." आई चटणीसाठी जवस भाजत होती. मागे न बघता म्हणाली, "घे. शुद्ध आहे, घाण्याचं आहे. तुह्या त्या बाटलीतल्यापेक्षा चांगलं." तिने स्वतःच वाटी भरून दिली. तेल सोनेरी होतं, दुकानातलंही सोनेरी असायचं. मला काहीही वेगळं वाटलं नाही. उलट इतक्या तेलात ब्रश असा सरकायला लागला की मी दोन दिवसांत अर्धं आकाश उरकलं.

मग मुंग्या आल्या. एका सकाळी उठून बघते तर खिडकीच्या चौकटीवरून एक रांग थेट वादळात शिरलेली. आई म्हणाली, "तुह्या इंग्रजाले मुंग्या लागल्या." मी बोर्डाखाली चार वाट्या ठेवून त्यात पाणी भरलं, जसं दुधाच्या पातेल्याला करतात. शिवाय आकाश वाळेना. खालची जमीन कडक झाली होती. वर बोट लावलं की ठसा उठायचा. कूलरमधून वाळ्याचे बारीक तुकडे उडून ढगांत चिकटायचे आणि मी ते आईच्या भुवया कोरायच्या चिमट्याने काढत बसायची. ढगांचा पांढरा रंग थोडा मलईसारखा दिसत होता. मी स्वतःला समजावलं की पान जुनं आहे, छपाईतही पांढरा तसाच असेल. काडेपेटीचं खोकं लावून बघितलं नाही. लावलं असतं तर समजलं असतं, आणि समजलं असतं तर काय केलं असतं ते माहीत नाही. दिवस संपले होते.

बुद्ध पौर्णिमेला आमच्या गल्लीत सकाळपासून पांढरे कपडे आणि खिरीची पातेली. विहारातून वंदना ऐकू यायची, ती संपली की मुलं वाट्या घेऊन या दारातून त्या दारात. बाबांनी सुट्टी घेतली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दहा वाजल्यापासून समोरच्या खोलीत बसले होते आणि बोर्ड त्यांच्यासमोर खुर्चीवर टेकवलेला होता, जणू दोघांना एकाच गाडीने जायचंय. मॅडम बाराला आल्या. बाबांनी लगेच उठून चित्राकडे हात केला. मॅडम म्हणाल्या, "जेवण झाल्यावर. उपाशी पोटी मी फार कडक असते."

आईने पाटोडीची रस्साभाजी केली होती, भात, पोळ्या, खीर, आणि ताटाच्या कडेला जवसाची चटणी. चटणीत तिने सगळ्यांना एकेक चमचा तेल सोडलं. मॅडमनी चटणीत पोळी बुडवली, घास तोंडात टाकला आणि चावता चावता थांबल्या. बोटांचा वास घेतला. मग ताटावरून उठल्या, तशाच उष्ट्या हाताने समोरच्या खोलीत गेल्या, चित्राला नाक लावलं. परत आल्या, ताटातल्या तेलाचा वास घेतला. पुन्हा चित्राकडे गेल्या. आम्ही तिघं पोळीचा घास हातात धरून त्यांच्या फेऱ्या बघत होतो.

"ताई," त्या आईला म्हणाल्या, "हे तेल कुठलं?"

"रामटेककडलं. माह्या बहिणीच्या घरचं."

"कढवलेलं आहे?"

"मंग. जवसाचं तेल कच्चं कोण खाते?"

"कसं कढवता?"

आईला पाककृती विचारलेली फार आवडते. ती सरसावून बसली. "नवं तेल आलं की मोठ्या कढईत तापवायचं. कांद्याच्या फोडी टाकायच्या, दोन हळकुंडं ठेचून, लसूण, चिमूटभर मीठ. कांदा काळा झाला की गाळून घ्यायचं. मंग उग्रपणा जाते, रंगही पाहा कसा येते. सोन्यासारखा."

"येतो खरा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलीने ते आकाशाला लावलंय."

"हो, मीच देलं. वाटीभर." मग आईच्या लक्षात मॅडमचा चेहरा आला. "काहून? कमी पडलं का?"

मॅडम हसायला लागल्या. त्यांना ठसका लागला, आईने पाणी दिलं, पाणी पिऊन त्या पुन्हा हसल्या. मी हे तेल कढताना लहानपणापासून पाहत आले होते. दरवर्षी हळकुंडं ठेचायला मीच बसायची. पण स्वयंपाकघरात पाहिलेलं डोक्याच्या एका खणात राहतं आणि कलेचं दुसऱ्या, आणि त्या वयात हे खण एकमेकांशी बोलत नाहीत. त्या क्षणी मात्र ते बोलले. मी खिरीच्या वाटीकडे बघत राहिले आणि मनात डी.एड.च्या कॉलेजला सायकलने किती वेळ लागेल याचा हिशेब सुरू झाला.

"मॅडम," बाबा म्हणाले, "हसणं होऊ द्या. पण निकाल सांगा."

मॅडमनी हात धुतले, पदराला पुसले आणि चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही मागे. त्यांनी पर्समधून काडेपेटीचं खोकं काढलं. ते घेऊन त्या बोर्डभर फिरल्या, चौकोन चौकोन, पानाशी ताडून बघत. बराच वेळ गेला. बाहेर कोणाची तरी पोरं खीर मागायला आली, आईने त्यांना हातानेच थांबवलं.

"जमीन पास," मॅडम म्हणाल्या. "गवत, पूल, मनोरा पास. पाणी काठावर पास. बाई उत्तम. आकाश नापास. त्यात हळद आहे. ढग चांगले बसवलेत पण सहा महिन्यांत कढीसारखे पिवळे होतील, आणि त्या मिठा-कांद्यामुळे वाळायला किती दिवस लागतील ते मलाही सांगता येत नाही. मी हे पास केलं तर खोटं होईल."

आई माझ्याकडे बघत होती आणि मी बाबांकडे. बाबा चित्राकडे बघत होते, पण डोळे बारीक करून, वजनकाट्याकडे बघावं तसे.

"म्हणजे," ते म्हणाले, "विषय किती? जमीन एक, पूल एक, पाणी एक, बाई एक..."

"तसं धरलं तर," मॅडम म्हणाल्या.

"अन् उडाला एकच."

"एकच. पण मोठा आहे हो. अर्धं चित्र तेच आहे."

"मोठा असू द्या. विषय एक." बाबा आता सरळ उभे राहिले. "आमच्या ऑफिसातल्या गेडामचा पोरगा बी.कॉम.ला एका विषयात नापास झाला. घरी बसवला नाही त्याले. पुढच्या वर्षात बसू देला, मागचा विषय मागून काढायचा. एटीकेटी म्हणतात. युनिव्हर्सिटीचा नियम आहे." मग त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "तुमच्या नियमात एटीकेटी आहे का?"

मॅडमच्या नियमात काय आहे हे मॅडमनाही त्या दिवसापर्यंत नीट माहीत नसावं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिवळसर ढगांकडे. "आजपासून आहे," त्या म्हणाल्या. आणि आईकडे वळून, "ताई, पाटोडी आहे का अजून?"

बाबांनी त्यावर पुन्हा चर्चा केली नाही. पार्सलवरचा पत्ता बदलला होता, आणि रीतसर बदलला होता, एवढं त्यांना पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन चित्रकलेच्या कॉलेजात गेले. चित्राबद्दल मॅडमनी सांगितलं, धूळ चिकटू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून अंधारात ठेव, वाळलं की आकाश खरवडून नवं कर. मी हो म्हटलं. आईने आपलं जुनं लुगडं दिलं. बोर्ड माळ्यावर गेला. कॉलेज सुरू झालं, तिथे रोज नवी आकाशं काढायची होती, आणि जुन्या विषयाकडे कोण बघतं.

बाबा विसरले नाहीत. मी कॉलेज संपवून बाहेर पडले तेव्हा ते म्हणाले, "छान. पण आकाश राहिलंच आहे तुझं." गांधीबागेत मी दुकान टाकलं, साड्यांच्या खोक्यांची आणि लेबलांची डिझाइनं करायला लागले, तेव्हा उद्घाटनाला चार कापडवाले शेठ होते. त्यांच्यासमोर फीत कापून बाबांनी सांगितलं, "माझी मुलगी फार हुशार. फक्त एक विषय राहिला आहे." शेठ लोकांनी आदराने मान डोलावली. मॅडम आजारी होत्या तेव्हा मी भेटायला जायची. त्या विचारायच्या, "काढलास का विषय?" मी म्हणायची, या सुट्टीत काढते. आता दोघंही नाहीत. रविवारी मी अजून तेलरंगात निसर्गचित्रं करते, अंबाझरीचा बांध, रामटेकचा रस्ता, पावसाळ्याआधीची धान-बांध्यांची रिकामी जमीन. चार-सहा विकलीही गेली आहेत. रंग मिसळताना खिशात काडेपेटीचं खोकं असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी आधी नक्कलच करायला लावते. त्या कंटाळतात. मी कंटाळू देते.

तर आज ते चित्र हातात आलं आणि मी शिडीवर बसून ते नीट पाहिलं. आकाश अखेर वाळलं आहे, दगडासारखं. ते खरवडायचं मॅडमनी सांगितलं होतं. पण ढग चांगले आहेत. अठराव्या वर्षी मला असे ढग आले होते, हे मला आठवत नव्हतं. आता मी काढते त्यापेक्षा ते मोकळे आहेत. तेलाचा पिवळेपणा अंधारात वाढतो आणि उजेडात उतरतो, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं गेलं. हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हाने जातो, हे तर शाळेच्या पांढऱ्या फ्रॉकपासून माहीत आहे. दोन्ही गोष्टी जोडायला मला एवढी वर्षं लागली, कारण चित्र माळ्यावर होतं आणि मी खाली. सगळा पिवळा जाईल असं नाही. पाणी काठावर पास झालं होतं, आकाशही काठावर झालं तर चालेल.

फटीत तात्पुरता पुठ्ठा लावला. कूलर सुरू झाला. आईने हवेत हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "येऊन राहिली." तिच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक मिळत नाही.

सात एप्रिल, सोमवार. सकाळी दुकानाला जायच्या आधी मी बोर्ड गच्चीवर नेला. तिथे आईच्या कुरड्या चादरीवर वाळत होत्या. मी त्यांना थोडं सरकवून जागा केली, चार विटा ठेवल्या, बोर्ड वाकू नये म्हणून त्यावर सपाट ठेवला, आकाश वर करून. आईला जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून दिली, हातात कावळे हाकायची काठी दिली आणि सांगितलं की कुरड्यांवर जेवढं लक्ष ठेवशील तेवढंच यावर ठेव. तिने चष्मा पुसून पुलावरच्या बाईकडे पाहिलं. "हे अजून चाललीच का," म्हणाली. मी चपला घालत होते तेव्हा तिने मागून विचारलं, "दुपारून पलटवू का हे?"

मी म्हटलं, नको. आकाश एकाच बाजूला आहे.